कामून नव्हे, ‘का’

“कामून नव्हे गं, ‘का’ म्हणावं. आधी नीट बोलायला शीक, मग मतं दे.”

वकीलसाहेब असं म्हणाले आणि सोप्यातले सगळे हसले. पडद्याआडच्या बायकाही हसल्या. मी त्या बायकांतच बसले होते, दाराशी. माझ्या शेजारची तोंडाला पदर लावून हसत होती. तो पदर मला अजून दिसतो.

तेव्हा आळंदला निजामाचं राज्य. सभा भरवायची तर परवानगी लागायची. म्हणून वकीलसाहेब सभा म्हणत नसत, चहा म्हणत. शुक्रवारी कचेरी बंद. दुपारी त्यांच्या सोप्यात चहा व्हायचा आणि पुण्याहून येणाऱ्या मासिकातली एक गोष्ट मोठ्यानं वाचली जायची. मग पुरुष मतं द्यायचे. मी त्या घरी दळण करायची. माझा भाऊ, अण्णा, वकीलसाहेबांचा कारकून. आमच्या घरात कानडी, बाजारात मराठी, शाळेत उर्दू. मराठी वाचायला मला वडिलांनी, अप्पांनी शिकवलं होतं, ते होते तेव्हा.

त्या दिवशीची गोष्ट एका बाईची होती. नवऱ्यानं टाकलेली. पुष्कळ वर्षांनी तो परत येतो आणि ती दारातच त्याच्या पायांवर डोकं ठेवते. गोष्ट संपते. वकीलसाहेबांनी चष्मा काढून डोळे पुसले आणि म्हणाले, “गोष्ट बायकांची आहे. आज बायकांनीही बोलावं.”

एकेक बोलू लागली. “फार छान.” “डोळ्यांत पाणी आलं.” मग मी.

मलाही टाकलं होतं. मूल होईना, म्हणून नवऱ्यानं हुलसूरहून आणून आईच्या, अव्वाच्या दारात सोडलं. गाडीतून खाली उतरलासुद्धा नाही. तेव्हा मला वाटलं, या गोष्टीवर बोलायचा हक्क कुणाला असेल तर मला. मी विचारलं, “टाकलं तर त्यानं. मग पाया ती कामून पडायलीय?”

प्रश्न कुणी ऐकलाच नाही. शब्द ऐकला.

हसणं ओसरल्यावर कुणीतरी म्हणालं, “टाकलेली आहे ना ती, तिला झोंबणारच.” अण्णा तिथंच होता. त्यानं मान खाली घातली. मला लाज वाटली, आणि ती माझ्या बोलीची वाटली. आज सांगताना चीड येते, पण तेव्हा खरंच लाज वाटली. दळताना मी ‘का, का’ असं घोकत राहायची, कावळ्यासारखी.

एकदा वकीलीणबाई जात्यापाशी आल्या. इकडंतिकडं बघून हळूच म्हणाल्या, “मलाही तेच विचारायचं होतं गं.”

“मग बाईसाहेब, बोलला न्हाईत कामून?”

त्या लगबगीनं आत गेल्या.

पुढच्या शुक्रवारी ती गोष्ट माझ्यावरच करून बघायचं ठरलं होतं. नवऱ्यानं दुसरी केली होती. ती बाळंतपणात गेली, मागं तान्ही पोर राहिली. पोर सांभाळायला घरात बाई पाहिजे. त्यानं वकीलसाहेबांना गाठलं. त्यांच्या डोक्यात गोष्ट ताजी होती. त्यांनी अण्णाशी बोलून टाकलं. मला कुणी विचारलं नाही.

अव्वा भाकरी थापता थापता म्हणाली, “जा की माय. किती दिवस भावाच्या घरी ऱ्हाशील?”

“अव्वा, मी जावं असं तुला बी वाटायलंय?”

“मला काय वाटायलंय ते कोण इचारायलंय?” ती म्हणाली. तव्यावरची भाकरी करपली. अव्वाची भाकरी कधी करपत नसे.

सोप्यात तीच सतरंजी, तेच कप. या वेळी मला पडद्याबाहेर बोलावलं. नवरा लोडाला टेकून बसला होता. वकीलसाहेब मायेनं बोलले. खोटं कशाला सांगू, खरंच मायेनं बोलले. “झालं गेलं विसर. त्या गोष्टीतल्या बाईसारखं मन मोठं कर. पाया पड त्यांच्या.”

पडद्याआड बांगड्या वाजल्या. वकीलीणबाईही तिथंच होत्या.

मला त्या आईविना पोरीची आठवण झाली. न पाहिलेल्या पोरीची. मला लेकरू हवं होतं. फार हवं होतं. त्यानं ‘चुकलं’ एवढं जरी म्हटलं असतं, तरी मी कदाचित गेले असते. तो बशीतल्या चहावर फुंकर मारत होता.

इतके दिवस घोकलेलं ‘का’ ओठांपर्यंत आलं. पण बाहेर पडलं ते माझंच.

“कामून?”

या वेळी कुणी हसलं नाही. वकीलसाहेब म्हणाले, “काय म्हणालीस?”

“मी कामून पाया पडू? टाकलं तर यानं.”

अण्णा उठून निघून गेला. नवऱ्यानं बशी खाली ठेवली आणि प्रथमच माझ्याकडं पाहिलं. त्याला राग नव्हता आला, नवल वाटलं होतं. जात्यानं तोंड उघडलं असतं तर वाटलं असतं तसं.

मी जिंकले वगैरे काही नाही. माझं दळण गेलं. अण्णा माझ्याशी बोलायचा थांबला, तो आजवर. अव्वा गेली तेव्हा तिच्या एका बाजूला तो, एका बाजूला मी, आणि त्यानं मान वर केली नाही. ती पोर जगली का, मला कुणी सांगितलं नाही. हे दुखतं. भाड्याच्या खोलीत लोकांची तूर भरडताना एकाएकी दुखतं.

वकीलीणबाई जुनी मासिकं मोलकरणीच्या हाती पाठवतात. सोबत निरोप काही नसतो. मी वाचते. त्यांतल्या बायका अजून रडतात, अजून वाकतात, आणि कुठल्या तरी सोप्यात अजून कुणीतरी चष्मा काढून डोळे पुसत असेल.

‘का’ म्हणायला मला येतं. लिहिताना मी तसंच लिहिते. पण मला ‘वाक’ म्हणणाऱ्याला मी माझ्याच तोंडानं विचारणार, कामून. त्याचं उत्तर आजवर कुणी दिलं नाही. तोवर मी वाकणार नाही.