गच्चीवरचे सभासद

माकड हा प्राणी मला पहिल्यापासून आवडत नाही, हे आधीच सांगून टाकते. लोक त्याला गोड म्हणतात. ज्यांच्या गच्चीवर तो राहायला आलेला नाही, तेच म्हणतात. एकदा जवळून बघा. डोक्यावर मधोमध भांग, तेल लावून चापून बसवल्यासारखा. त्याखाली सुरकुतलेलं तांबूस तोंड, कायम काहीतरी बिनसलेलं. गालांत पिशव्या आणि त्या पिशव्यांत दुसऱ्याचे शेंगदाणे. बसण्याची ऐट अशी, की आपणच न कळवता त्यांच्या घरी टपकलोय. आणि काम म्हणाल तर दिवसभर एकमेकांच्या अंगावरचं काहीतरी वेचून तोंडात टाकणे. आमच्या सोसायटीच्या सर्वसाधारण सभेतही साधारण हेच चालतं, फक्त तिथे चहा असतो.

आमची सोसायटी बदलापूर पूर्वेला, शिरगावात. चार मजले, लिफ्ट नाही. बिल्डरच्या रंगीत पत्रकात लिफ्ट होती, कारंजंही होतं. दोन्ही पत्रकातच राहिली. आम्ही नवरा-बायको सगळ्यात वरच्या मजल्यावर राहतो. मी शाळेतून निवृत्त झालेली शिक्षिका. हे आनंदनगर एमआयडीसीतल्या एका कंपनीत मशीन शॉपचे फोरमन होते. मुलगी लग्न होऊन लांब गेली, ती फोनवरून सल्ले देते.

दिवाळी संपली आणि ह्यांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू लुळी पडली, जीभ जड झाली. शब्द डोक्यात असे, पण तोंडापर्यंत यायला त्याला वेळ लागे. मला तेवढा धीर नव्हता. वर्गात अडलेल्या मुलाचं वाक्य मी जसं पूर्ण करत असे, तसं ह्यांचंही करू लागले. "चहा..." म्हणाले की मी म्हणे, "गार झाला?" "खि..." म्हणाले की, "खिडकी उघडू?" बहुतेक वेळा माझं बरोबर असे. नसलं तर हे मान हलवून सोडून देत आणि मी पुढच्या कामाला लागे.

डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं होतं. "पहिले काही महिने रोज चालवा. आत्ता जेवढं चालतील तेवढं त्यांचं. आत्ता बसले तर मग खुर्चीच." ते ऐकून मी दवाखान्याच्या जिन्यात रडले, एकदाच. मग डोळे पुसले आणि कामाला लागले. चार जिने उतरून ह्यांना खाली नेणं शक्यच नव्हतं, आणि नेलं असतं तरी खालचा रस्ता खणून ठेवलेला. उरली गच्ची. सतरा पायऱ्या वर.

तर रोज सकाळी आम्ही गच्चीवर. काठी ह्यांच्या डाव्या हातात, उजवीकडून मी. पहिल्या दिवशी दारापासून चार पावलं. महिन्याभरात समोरच्या पाण्याच्या टाकीला हात लावून परत. टाकीला हात लागला त्या दिवशी हे हसले, तोंड जरा वाकडं करून, पण हसले. मला वाटलं, जिंकलो आता.

आणि होळीच्या सुमारास माकडांची टोळी आली.

ती चंदेरीकडच्या डोंगरातून आली, हे खरं. पण राहिली ती दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंमुळे. काकू मारुतीच्या भक्त. शनिवारी गच्चीवर माकड दिसलं म्हणजे साक्षात देवच आला, असं त्यांनी जाहीर केलं. ज्या काकू कामवालीला शिळी पोळी देताना दोनदा विचार करतात, त्या माकडांसाठी वेलची केळी घेऊन वर जाऊ लागल्या. त्यांचं बघून बाकीच्या. कोणी गूळ-फुटाणे, कोणी भिजवलेले हरभरे. देवाला शनिवारपुरतं खाणं जमत नाही, हे यांना कोणी सांगायचं? सोमवारी देव उपाशीपोटी आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत येऊन बसले आणि कणकेचा गोळा घेऊन गेले.

मी वनखात्याला फोन केला. त्यांनी सांगितलं, खायला घालणं बंद करा, आपोआप जातील. मी ते सूचनाफलकावर सुवाच्य अक्षरात लिहिलं. दुसऱ्या दिवशी त्यावर कोणीतरी "जय बजरंगबली" लिहून ठेवलं होतं.

मग व्हायचं तेच झालं. एका सकाळी आम्ही टाकीच्या अर्ध्या वाटेत असताना टोळीतला मोठा नर कठड्यावरून उतरला. डावा कान फाटलेला, मान आखडलेली. आमच्याकडे बघून त्याने तोंड वासलं. मला वाटलं, जांभई देतोय. ह्यांचा तोल गेला म्हणून ह्यांनी काठी जरा उचलली, पुढे टेकायला. तेवढ्यात तो अंगावर धावून आला. मी किंचाळले. हे मागच्या मागे पाइपवर बसले. माकड काठीला झोंबून, ती लोळवून निघून गेलं.

लागलं काही नाही, फक्त कोपर खरचटलं. पण दुसऱ्या दिवशी मी "चला" म्हटलं, तेव्हा ह्यांनी मान हलवली. तिसऱ्या दिवशीही हलवली. घरातल्या घरात चालायला जागा किती? खोलीतून मोरीपर्यंत. आठ दिवसांत पाऊल पुन्हा फरफटू लागलं. मला रात्री... रात्री कशाला, दिवसाही एकच दिसायचं, ती खुर्ची.

मी सभा बोलवायला लावली. सगळं सांगितलं, डॉक्टरांचं वाक्य जसंच्या तसं सांगितलं. काकू म्हणाल्या, "बाई, त्याने चावलं नाही ना? म्हणजे आशीर्वादच दिला." सेक्रेटरींनी मात्र खिशातून पेन काढलं, म्हणजे त्यांना कल्पना सुचली होती. "काळ्या तोंडाच्या वानराला ही लाल तोंडाची टरकतात. खरा लंगूर आणणं कायद्यात बसत नाही. आपण त्याचं फ्लेक्स लावू. मोठ्ठं. टाकीला. काम खतम."

फ्लेक्स बनवायला ते उल्हासनगरला गेले. परत आल्यावर मोठ्या अभिमानाने सांगत होते, "तो सिंधी दुकानवाला साई काय म्हणाला माहितीये? बोलता है, 'बंदर चाहिए कि हनुमानजी चाहिए, दोनों तैयार है.' मी म्हटलं, बंदर दे, पण रागावलेला दे."

फ्लेक्स आलं. सहा फुटी लंगूर, काळं तोंड, सुळे बाहेर. इथवर ठीक होतं. पण आमच्या भागात नुसतं फ्लेक्स असं काही नसतंच. खाली गोल चौकटींत अध्यक्ष, सेक्रेटरी, खजिनदार आणि तीन सदस्यांचे हात जोडलेले फोटो, आणि त्यावर "शुभेच्छुक". कुणाला शुभेच्छा, कशाच्या, हे विचारायची सोय नव्हती. मी विचारलं. सेक्रेटरी म्हणाले, "अहो बाई, तो फॉरमॅटच असतो."

दोन दिवस माकडं खरंच टाकीपासून लांब राहिली. मला सेक्रेटरींची माफी मागावी लागेल की काय, अशी भीती वाटली. पण तिसऱ्या दिवशी हनुमान जयंती होती. सकाळी मी वर गेले तर लंगुराच्या गळ्यात झेंडूचा हार. कपाळावर शेंदूर. खाली पाटावर नारळ, केळ्यांचा फणा, फुटाण्यांचं ताट आणि उदबत्ती, तिची राख नेमकी खजिनदाराच्या तोंडावर. माकडं पळवायला आणलेल्या चित्राला माकडांचा देव करून, त्याच्यापुढे माकडांचं जेवण वाढून, या सुशिक्षित मंडळींनी आरती केली. दुपारपर्यंत टोळी परत. संध्याकाळी पिल्लं हाराला लोंबकळत होती आणि फाटक्या कानाचा शुभेच्छुकांवर पाठ टेकून केळं सोलत होता. मी जिन्यात एकटीच हसले, आणि मग मला इतका राग आला की घरी जाऊन ताटं आपटली.

हे सगळं चालू असताना ह्यांचं काय चाललं होतं, हे मी बघितलंच नाही. भांडणात मला वेळ नव्हता. हे खिडकीशी खुर्ची टाकून बसायचे. खिडकीतून समोरच्या इमारतीचा कठडा दिसतो आणि दुपारी टोळी तिथे जाते. हे तासन् तास तेच बघत. मला वाटे, मन लागत नाही म्हणून बघतात. कामावर असताना ह्यांची एक सवय होती, ती मी विसरून गेले होते. नवं मशीन आलं की हात लावायचा नाही. आधी दोन दिवस नुसतं उभं राहून, दुसरा चालवताना बघायचं. शिकाऊ पोरं ह्यावरून ह्यांना हसत.

एकदा टीव्हीवर आफ्रिकेतली माकडं दाखवत होते, ते बबून म्हणतात ती. आमच्या माकडांचे थोरले, दांडगे भाऊबंद: कुत्र्यासारखं लांब थोबाड, खांद्यावर आयाळ, आणि मागची बाजू अशी की दाखवणाऱ्यालाच लाज वाटावी. मी चॅनेल बदलायला रिमोट उचलला, तर ह्यांनी माझा हात धरला. पडद्यावर एका बबूनने मोठी जांभई दिली, सुळे बोटभर लांब. हे बोटाने पडद्याकडे दाखवत म्हणाले, "दा... दात..."

"हो, दात घाण आहेत," मी वाक्य पूर्ण केलं आणि मालिका लावली. ह्यांनी मान हलवली.

त्यानंतरच्या एका शनिवारी मी भाजी घेऊन आले तर दार लोटलेलं, खुर्ची रिकामी. मोरीत बघितलं, गॅलरीत बघितलं. कोपऱ्यात काठी नव्हती. पिशवी तिथेच टाकून मी जिना चढले. सतरा पायऱ्या मी कशा चढले मला आठवत नाही. वर पोचले तर गच्चीच्या दाराशी, आतल्या बाजूला, काठी भिंतीला टेकवून नीट उभी. आणि काठीशिवाय हे एक पाऊल टाकू शकत नव्हते, एवढं मला माहीत होतं.

मी काठी उचलली, डोक्यावर धरली आणि दार ढकललं.

हे गच्चीच्या पार पलीकडच्या बाजूला होते. डावा हात कठड्यावर. कठड्याच्या कडेकडेने, उजवं पाऊल ओढत, टाकीच्याही पुढे गेलेले. आणि ह्यांच्या समोर, चार हातांवर, त्याच कठड्यावर फाटक्या कानाचा बसला होता. हे थांबले होते. त्याच्याकडे बघत नव्हते. मान वळवून डोंगराकडे बघत होते, बसस्टॉपवर माणूस बघतो तसं. मिनिटभर काही झालं नाही. मग त्याने खांदा खाजवला, कठड्यावरून उतरला आणि बाजूला जाऊन बसला. ह्यांनी पुढचं पाऊल टाकलं.

तेवढ्यात मी दारातून बाहेर आले. त्याने मला पाहिलं, काठी पाहिली. उभा राहिला, आणि त्याने तोंड वासलं. आता मला कळत होतं की ही जांभई नाही. मला ओरडायचं होतं, तोंड सताड उघडं होतं, पण भीतीने आवाजच फुटला नाही. झटका आल्यापासून पहिल्यांदाच ह्यांच्यासमोर मी गप्प होते.

हे वळले. कठडा घट्ट धरला. शब्द यायला वेळ लागला, आणि मी मध्ये बोलू शकले नाही.

"काठी... खाली... ठेव," हे म्हणाले. "दात... दाखवू... नकोस. त्याला वाटतं... तू... मारणार."

संपूर्ण वाक्यं होती. एकामागोमाग एक. दातांचं ते वाक्य टीव्हीसमोर मी तोडलं होतं, तेच आज पुरं झालं, आणि इतके महिने मी ह्यांची आणखी किती वाक्यं तोडली असतील, हे तिथे उभ्या उभ्या मला कळलं. मला स्वतःची इतकी लाज कधीच वाटली नव्हती. सेक्रेटरींना आणि काकूंना मी जे जे म्हणाले होते, ते सगळं मलाही लागू होतं.

मी काठी खाली ठेवली आणि तोंड मिटलं. फाटक्या कानाच्याने आणखी थोडा वेळ माझी तपासणी केली, मग पाठ फिरवून कोणाच्यातरी केसांत काहीतरी शोधू लागला. हे कठड्याला धरून निघाले. चौथ्या कोपऱ्यापर्यंत आले, थांबले, श्वास घेतला. दारापाशी पोचायला अजून दहा-बारा पावलं होती. मी मदतीला पुढे झाले नाही. तिथेच उभी राहिले.

दाराशी आल्यावर ह्यांनी माझ्याकडे बघितलं आणि तोंड उघडलं. "उ... उद्या..."

उद्याचं काय, याचे चार अंदाज माझ्या जिभेवर आले होते. मी ते गिळले आणि वाट बघत राहिले.