मिलिंदचं ‘पाहिलं’

फोन आला तेव्हा मी मिलिंदवर चिडलेलो होतो, हे आधीच सांगून टाकतो. नोव्हेंबरातला शनिवार, सकाळचे नऊ वाजले असतील. दुकानामागच्या शेडमध्ये एक नवीकोरी स्नोमोबिल खोक्यातून काढून, खाली स्की लावून उभी होती, आणि तिच्या काचेवर चिकटवलेली तपासणीची यादी निम्मीच भरलेली होती. गिऱ्हाईक सोमवारी यायचं होतं. हा बाबा अर्धं काम टाकून ट्रॉयला घरी गेलाच कसा, असं पुटपुटत मी त्यालाच झापायला मोबाइल काढला, तर त्यावर त्याच्या मुलीचं, प्रज्ञाचं नाव. “काका, बाबांना पहाटे अटॅक आला,” ती म्हणाली. “ही डिडन्ट मेक इट.” पुढचं मला नीट ऐकू आलं नाही. मी काय बोललो तेही आठवत नाही. आठवतं ते एवढंच, की फोन ठेवल्यावर मी वेड्यासारखा ती यादी वाचत बसलो होतो. अकराव्या ओळीपर्यंत त्याच्या टपोऱ्या अक्षरात ‘पाहिलं’ असं लिहिलेलं... आणि बारावी ओळ कोरी.

मिलिंद नागपूरचा, मी पुण्याचा. इथे अमेरिकेत, ट्रॉयमध्ये, गाड्यांच्या एकाच कंपनीत आम्ही पंधरा वर्षं शेजारी बसलो. तो ब्रेकचा माणूस होता, सावकाश, मुळाशी जाणारा. मी म्हणजे उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग. एक दिवस नोकरीला रामराम ठोकला आणि इथे, ट्रॉयहून तीन-साडेतीन तास उत्तरेला, एका म्हाताऱ्या गोऱ्या गृहस्थाचं स्नोमोबिलचं दुकान चालवायला घेतलं. स्नोमोबिल म्हणजे बर्फावर चालणारी मोटरसायकल समजा, पुढे स्की आणि मागे पट्टा. दोन वर्षांनी मिलिंदची नोकरी गेली, तेव्हा मीच त्याला बोलावून घेतलं. हिवाळाभर तो आठवड्याचे पाच दिवस दुकानावरच्या खोलीत राहायचा आणि शनिवार-रविवार घरी जायचा. मी मालक आणि तो कामाला, हे आम्ही दोघांनीही कधी तोंडाने म्हटलं नाही. तो मला चारचौघांतसुद्धा “काय बे कुलकर्णी” असंच म्हणायचा.

नवी स्नोमोबिल अर्धवट जोडलेली येते. हँडल, स्की, काच आपण बसवायची. मग पट्टा किती ताणलाय ते बघायचं, ब्रेक, तेल, बॅटरी, इंजिन बंद करणारी दोरी बघायची, आणि मग एक चक्कर मारून यायची. हे सगळं यादीवर असतं, आणि बहुतेक दुकानांत त्यासमोर टिकमार्क करतात. मिलिंदने पहिल्याच दिवशी ते बंद केलं. “टिक काय, डोळे मिटूनही मारता येते,” तो म्हणाला. त्याऐवजी तो प्रत्येक ओळीसमोर मराठीत ‘पाहिलं’ लिहायचा. एका यादीत एकवीस वेळा. खाली त्याची आद्याक्षरं आणि तारीख. गिऱ्हाइकं विचारायची, ही कसली नक्षी? तो म्हणायचा, माझ्या गावाकडची सही आहे. मी वैतागायचो. पहिला बर्फ पडला की फोन वाजायचा थांबत नाही, आणि हा एका मशीनला अर्धा दिवस लावतो! “काहून घाई करतो बे,” तो म्हणायचा, “ह्याच्यावर माणूस बसणार आहे.”

वर्षातून एक दिवस मात्र तो काही झालं तरी सुट्टी घ्यायचा. सहा डिसेंबर. महापरिनिर्वाण दिनाला ट्रॉयमध्ये त्यांची सगळी मंडळी एका हॉलमध्ये जमायची, पांढरे कपडे, मेणबत्त्या, वंदना, आणि मग मुलांची भाषणं. नेमका इथे हंगाम पेटायचा त्याच दिवसांत. मी दरवर्षी कुरकुर करायचो आणि तो दरवर्षी जायचा.

पाच वर्षांपूर्वीच्या सहा डिसेंबरला पॅटी आली. शाळेची बस चालवणारी, साठीची, खणखणीत आवाजाची बाई. आयुष्यात पहिल्यांदा स्वतःसाठी काहीतरी मजेचं घेत होती आणि तिला ते आजच हवं होतं, कारण रात्रभर बर्फ पडला होता. मशीन जोडलेलं होतं, फक्त हँडल बसवायचं राहिलं होतं. ते मी बसवलं. मग यादी घेऊन टेबलाशी बसलो आणि एकवीस वेळा ‘पाहिलं’ लिहिलं. काहीही न पाहता. मिलिंदच्या अक्षरात, मला ते हुबेहूब जमायचं. खाली त्याची आद्याक्षरं आणि समोर त्या दिवसाची तारीख. लबाडी करतोय असं मनातसुद्धा आलं नाही, हो. वाटलं, मशीन नवीन आहे, काय होणार आहे?

झालं असं, की हँडल बसवताना थ्रॉटलची, म्हणजे वेग देणाऱ्या खटक्याची, केबल मी चुकीच्या बाजूने घेतली होती. हँडल पूर्ण उजवीकडे वळवलं की ती ओढली जायची आणि मशीन आपोआप वेग घ्यायचं. तिसऱ्या दिवशी एका वळणावर पॅटी पाइनच्या झाडावर जाऊन आदळली. मनगट मोडलं, खांद्याचं हाड मोडलं. त्या हिवाळ्यात तिला बस चालवता आली नाही.

दोन आठवड्यांनी ती हात गळ्यात अडकवून दुकानात आली. यादी काउंटरवर आपटली आणि म्हणाली, “हे कुणी तपासलं?” मी तोंड उघडायच्या आत... खरं सांगायचं तर मी तोंड उघडतच नव्हतो. मिलिंदने कागद उचलला. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचला, तारखेवर जरा थांबला. मग तिला म्हणाला, “नाव माझं आहे, मॅडम. मला माफ करा.” तिने त्याला दहा मिनिटं फैलावर घेतलं, सगळ्यांसमोर, आणि तो मान खाली घालून ऐकत राहिला. मी शेजारी उभा होतो. दोन हातांच्या अंतरावर.

ती गेल्यावर त्याने शेडमध्ये आणून ठेवलेलं तिचं मशीन उघडून केबल सरळ केली, हात पुसले आणि मला म्हणाला, “चूक कोणाच्याही हातून होते. पण वर्षातला तो एक दिवस मी कोणाचाही नोकर नसतो, कुलकर्णी. अन् तू मला त्याच दिवशी इथं हजर दाखवलं.” यावर मी काय बोललो असेन? “अरे, पण घाई होती.” एवढंच. माफी मागितली नाही. त्या दिवशी नाही, आणि पुढे पाच वर्षांत कधीच नाही.

त्याने काम सोडलं नाही. सोडलं असतं तर मला बरं वाटलं असतं. वसंतात पॅटीचा हात गळ्यातून सुटला तेव्हा तो स्वतः मशीन घेऊन तिच्या घरी गेला आणि उरल्यासुरल्या बर्फावर तिला पुन्हा शिकवत बसला. ती त्याच्याशी हळूहळू हसून बोलायला लागली. मला ती दुकानात आली की लांबून हात करायची, कारण तिच्या लेखी माझा काही दोष नव्हता. मिलिंद माझ्याशी पहिल्यासारखाच वागला, थट्टासुद्धा करायचा. फक्त एक गोष्ट बदलली. दरवर्षी पाच डिसेंबरला संध्याकाळी निघताना तो कोऱ्या याद्यांचा सगळा गठ्ठा पिशवीत घालून ट्रॉयला घेऊन जायचा आणि सातला सकाळी परत आणून खणात ठेवायचा. मी कधी विचारलं नाही. त्यानेही सांगितलं नाही.

अंत्यसंस्काराला पॅटी आली होती. एवढं गाडी चालवून. प्रज्ञाचा हात धरून बराच वेळ रडली. त्यानंतरच्या आठवड्यात मी तिच्या घरी गेलो आणि दारातच सगळं सांगून टाकलं. ती म्हणाली, “मग त्याने माझ्या शिव्या का खाल्ल्या?” मी म्हटलं, मी खाल्ल्या नाहीत म्हणून. तिने दार लावून घेतलं. आपटलं नाही, पण लावून घेतलं. तिचं काही चुकलं असं मला वाटत नाही.

यंदा सहा डिसेंबरला मी दुकान बंद ठेवलं, पांढरा शर्ट घातला आणि ट्रॉयला गेलो. हॉलमध्ये प्रज्ञाने सरकून जागा दिली. नंतर बाहेर सुजाता वहिनींना, मिलिंदच्या बायकोला, गाठून मी बोलायला लागलो, तर त्यांनी मला मध्येच थांबवलं. “मला माहीत होतं भाऊजी,” त्या म्हणाल्या. “ती बाई भांडून गेली त्या आठवड्यात घरी आले अन् जेवले नाहीत. तुमच्याबद्दल वाईट बोलू नको, एवढंच म्हणाले. म्हणाले, एक दिवस तो स्वतःहून सांगील.” त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. “वाट बघत होते हो ते.”

दुसऱ्या दिवशी सकाळी खण उघडला. कोऱ्या याद्यांचा गठ्ठा तिथेच होता, यंदा कुणी नेलाच नव्हता. शेडमध्ये ते मशीन तसंच उभं होतं. तीन आठवडे मी त्याला हात लावला नव्हता, गिऱ्हाइकाला थांबायला सांगितलं होतं. बारावी ओळ वाचली: हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवा, थ्रॉटल दाबून सोडा, आपोआप मागे येतो ना ते पाहा. मी हँडल उजवीकडे वळवलं. अंगठ्याने थ्रॉटल दाबला, सोडला. टक्. डावीकडे. टक्. मिलिंद तीनदा करायचा म्हणून तीनदा केलं. मग इंजिन चालू करून पुन्हा तेच. एकविसाव्या ओळीपर्यंत पोचायला दुपार झाली.

लिहायला बसलो तर पहिला शब्द हुबेहूब त्याच्या अक्षरात आला. हाताला सवय होती ना. ते खोडलं. खाली माझ्या बारीक, वेड्यावाकड्या अक्षरात लिहिलं, ‘पाहिलं’. मग पुढच्या नऊ ओळी. शेवटी माझं पूर्ण नाव, आणि कॅलेंडर बघून तारीख.