ओल ओळखणारे पाय

आमचं मालक, कृष्णात, शिरोलीच्या एका फाउंड्रीत वीस वर्सं वितळल्यालं लोखंड ओतत हुतं. मी त्याच कारखान्यात, साच्यात बसवायचं वाळूचं गाभं करायला. आमचं नवराबायकोचं पटायचं का म्हणाल, तर न्हाय पटायचं. लई हेकट माणूस. पण त्यांच्या पायाला सारी फाउंड्री मानायची.

ओतून उरल्यालं लोखंड वाळूच्या खड्ड्यात रिकामं करत्यात. खड्ड्यात ओल असली की लोखंड पडताक्षणी सुरुंगागत उडतं. वाळू वरनं कोरडी दिसती, ओल खाली बसल्याली असती. म्हणून मालक बूट काढायचं, अनवाणी पाय वाळूत रोवायचं आणि मगच म्हणायचं, "वता." लोखंडाच्या भांड्याचा एक दांडा त्यांच्या हातात, दुसरा त्यांच्या जोडीदाराच्या, उमरभाऊच्या. पंधरा वर्सं त्यानं कधी खड्ड्याकडं बघितलं न्हाय, मालकांच्या तोंडाकडं बघायचा.

दोन हजार चारला मालकांना साखर निघाली. तोंडावर ताबा कशाचा, गूळ दिसला की हात गेलाच. दोन वर्सांत पायाची आग सुरू झाली. नुसती चादर लागली तरी वरडायचं. शेवटी मीच ओढत दवाखान्यात नेलं.

डॉक्टरीणबाईंनी त्यांना डोळं मिटायला लावलं आणि तळव्याला बारीक दोरा टेकवला. "लागला की सांगा." दहा जागी टेकवला. मालक दोनदाच 'व्हय' म्हणालं.

बाई म्हणाल्या, "साखरेनं नसा खराब झाल्यात, गंज चढावा तशा. ही गोळी आग कमी करेल. ही दुसरी अँटिऑक्सिडंटची, तिनं गंज थोडा रोखला जातोय का बघू. दोन्ही बरोबर घ्या. पण दुखायचं थांबलं म्हणजे पाय बरे झाले असं नाही. बधिरपणा राहणार. अनवाणी एक पाऊल टाकायचं नाही, आणि साखर आटोक्यात ठेवायची."

बाहेर आल्यावर मालक म्हणालं, "शालन, कारखान्यात ह्या बधिरपणाचं अक्षर काढायचं न्हाय. मला भट्टीवरनं काढून झाडू मारायला लावत्याल."

"आणि उमरभाऊ?"

"त्याला मी हाय की."

मी गोळ्यांची पुडी पदरात बांधली आणि त्यांच्या मागनं चालाय लागले.

महिन्याभरात आग निवली. मालक फाउंड्रीत पाय आपटून दावायचं, "बघा, गोळ्यांनी पाय नवं करून दिलं." साखरंच्या माणसानं पेढं वाटलं, आणि लोकांनी खाल्लं बी. एकदा त्यांच्या टाचंत रुतल्याला खिळा मी उपसून काढला, तरी हे पेपर वाचत बसल्यालं. तवा तरी मी बोलायला पायजे हुतं. रोज उमरभाऊ गेटावर इचारायचा, "वहिनी, बरं हाय न्हवं?" आणि रोज मी व्हय म्हणून पुढं जायची. मला त्याच्या डोळ्यांत बघवत न्हवतं.

श्रावणात खड्ड्यावरचा पत्रा गळला. खड्ड्यावर कुणीतरी कोरडी वाळू पसरून ठेवल्याली. मी गाभ्यांची पाटी घेऊन दारात हुते. मालकांनी पाय रोवला, वर काढला. तळव्याला काळी ओली वाळू चिकटल्याली मला लांबनं दिसली. त्यांना कळली न्हाय.

"अवं, थांबा" म्हणेपतोर त्यांचं "वता" म्हणून झालं हुतं.

आवाज झाला तसं मी खालीच बसले. वर बघितलं तर उमरभाऊ तोंड धरून लोळत हुता. मालक त्याच्याकडं धावलं. त्यांच्या अनवाणी पायावर लोखंड चिकटून मांस जळत हुतं, आणि मालक तसंच चालत हुतं.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी सांगितलं, उमरभाऊचा एक डोळा गेला, दुसऱ्याचं काय सांगता येत न्हाय. सलिमा, त्याची बायको, व्हरांड्यातल्या बाकावर माझा हात धरून बसली हुती. तीच मला धीर द्यायला लागली. "रडू नको शालन. तुमच्या मालकांचा काय दोष? उमर म्हणतोय, कृष्णातनं पाय लावून बघितलं हुतं, म्हणून मी बिनघोर हुतो. नशीब आमचं, दुसरं काय."

मग मी तिला दवाखान्यातल्या दोऱ्याचं सांगितलं. सगळं सांगितलं. किती दिवसांपासनं ठावं हुतं तेबी सांगितलं.

तिनं माझा हात सोडला आणि बाकाच्या पार कडंला सरकून बसली.