जिनातली फुगडी

कारंज्यात कापसाची सरकी काढायचा कारखाना आहे, जिन. कोणालाही विचारा, "जिन कोनं बंद पाडला?" सांगणारा आधी मागे वळून पाहील, मग आवाज खाली घेईल आणि म्हणेल, "पंचफुलेनं. इंजिनाले लिंबू मारला तिनं. लिंबू पडला अन् इंजीन थंडं!" लिंबू कोणाच्या तोंडी हिरवा असतो, कोणाच्या तोंडी पिवळा. पानवाला खेमा तर सांगता सांगता स्वतःच इंजीन होतो. "फक्... फक्... फ..." करत मान टाकतो आणि गिऱ्हाईक चुना मागत उभं राहतं.

हे सगळं खोटं आहे. त्या दिवशी इंजीन थांबलंच नव्हतं. सकाळपासून दुपारपर्यंत ते धडधडत होतं, पट्टे फिरत होते, यंत्रं खडखडत होती. फक्त त्यांच्या तोंडात कापूस घालायला बाई नव्हती. लिंबाचं म्हणाल, तर पंचफुला मावशीचा त्याच्याशी संबंध लोणच्यापुरता. तेही तिचं बिघडतं.

मावशी आमच्या मळ्याच्या पलीकडे राहते. नवरा चंपत गाडीवान, खेड्यातला कापूस भरून जिनात आणतो. मावशी त्या कापसातली सरकी काढणाऱ्या यंत्रापुढे बसते. म्हणजे नवऱ्यानं आणायचं आणि बायकोनं सोलायचं, असा त्यांचा संसार. दिवाळीपासून होळीपर्यंत ती संध्याकाळी पांढऱ्या भुवया घेऊन परत येते, आणि माझी आई म्हणते, "आली पाहा म्हातारी!"

जिनात कधी गेला असाल तर ठाऊक असेल, आत शेजारच्या माणसाचा शब्द ऐकू येत नाही. कानात तोंड घातलं तरी नाही. म्हणून तिथल्या बायांनी हातांची बोली काढली आहे. एक हात कापूस सारत असतो, दुसरा बोलत असतो, राहिलेलं भुवया आणि कोपर सांगतात. मुकादम प्रेमसिंग म्हणजे ओठावर फिरवलेलं बोट, कारण त्याच्या मिशा. नवरा म्हणजे कपाळाला लावलेलं बोट. भाजी खारट झाली, सासू रुसली, म्हैस आटली, सगळं सांगता येतं. मावशीच्या शेजारच्या यंत्रावर गोजराबाई बसायची. तिनं आपल्या पोरीचं मेडशी गावी झालेलं लग्न, रुसलेल्या व्याह्यासकट, मावशीला असंच पूर्ण सांगितलं होतं. मुकादम मधून चालत गेला की दोघींचे हात नुसते कापूस सारायचे. तो गेला की व्याही पुन्हा रुसायचा.

मला गावातल्या सगळ्यांचे आवाज काढता येतात. पण ही बोली मला साधली नाही. मी हात हलवले की मावशी म्हणायची, "काय वं, माशा हाकलून राह्यली का?"

तर यंदा संक्रांतीच्या आधी गोजराबाईचा उजवा हात यंत्रात गेला. दोन बोटं गेली. जखम भरल्यावर ती पुन्हा जिनाच्या फाटकावर येऊन उभी राहिली.

फाटकावरची रीत अशी. पहाटे भोंगा झाला की सगळ्या बाया बाहेर उभ्या राहायच्या. प्रेमसिंग पायरीवर चढायचा आणि छडीनं दाखवायचा. "तू. तू. वो हरे लुगडेवाली. तू नाही, हट बाजू. तू." नाव कोणाचंच नाही. हंगामभर रोज बसलेल्या बाईलाही उद्याचं ठाऊक नसायचं. छडी जिच्यावर थांबली ती आत, बाकीच्या घरी. मावशीचा हात सगळ्यांत झपाझप चालतो म्हणून छडी आधी तिच्यावरच थांबायची. गोजराबाईवरून मात्र ती रोज अशी पुढे जायची, जशी दारातल्या खांबावरून नजर जाते.

गोजराबाई रोज यायची, रोज परत जायची. एकदा ती म्हणाली, "मुकादम, डावा हात साजरा हाये ना माह्या!" प्रेमसिंग म्हणाला, "अरे बाई, आराम कर. कंपनी तेरे भले की सोचते." हा आवाज मी चांगला काढते. पण गोजराबाईसमोर कधी काढला नाही.

तिच्या जागेवर कमलीबाई बसली. नवी, कोवळी, कामरगावकडची. मावशीनं पहिल्या दिवशी भुवई उडवली तर ती घाबरली. तिला वाटलं आपलं काही चुकलं. मावशीनं कोपर हलवलं तर ती आणखी खाली वाकली. त्या संध्याकाळी मावशी आमच्याकडे मेथी घ्यायला आली आणि घेतलीच नाही. नुसती जुडी हातात धरून बसली.

"काय झालं वं?" आईनं विचारलं.

"दिवसभर बोलाले कोनी नाही," मावशी म्हणाली.

लोक विचारतात, जिला रोज आत घेत होते तिला युनियन काहून सुचली? दुसऱ्यांची उत्तरं पुष्कळ आहेत. मला तिचं हे एवढंच उत्तर ठाऊक आहे.

त्याच सुमारास अकोल्याहून युनियनचे दौलतराव आले होते. माणूस साधा, डोक्याला टोपी, पण बोलायला उभे राहिले की छापील व्हायचे. आमच्या मळ्यात आंब्याखाली त्यांनी सभा घेतली. "भगिनींनो! श्रमिकांच्या ऐक्याची अभेद्य तटबंदी..." बाया एकमेकींकडे पाहायला लागल्या. सीताबाई, सगळ्यांत म्हातारी, हळूच म्हणाली, "कोनाची बंडी?"

मावशी मात्र उभी राहिली. "दादा, गोजराबाईले परत बसवता येते का?"

दौलतरावांनी टोपी काढली, पुन्हा घातली. मग छापील आवाज सोडून म्हणाले, "मला नाही येणार, बाई. मी फाटकात पाय ठेवला तर मला बाहेर काढतील. तुम्हाला काढलं तर कापूस कोण घालेल? एकीनं नाही, सगळ्यांनी म्हटलं पाहिजे. आणि म्हणायचं एवढंच, की जी हंगामात बसली ती हंगामभर बसेल. छडी नाही."

"अन् गोजराबाई?"

"ती पहिली."

मावशीनं मान हलवली. पण सभेला आलेल्या बाया मूठभर. बाकीच्यांना भीती, प्रेमसिंगचा माणूस रस्त्यावर उभा. घरी चंपतकाका वैतागला. "तुले तर रोज घेते. तुह्यं काय अडलं? माही गाडी बंद करतीन ते!"

"तुमी बैलासंगं बोलता का नाही दिवसभर?" मावशीनं विचारलं.

"बोलतो तं!"

"मंग? मी कोनासंगं बोलू?"

चंपतकाका बैलांना पाणी पाजायला गेला.

मग मावशीनं ते केलं, ज्याला लोक लिंबू म्हणतात. जिनात, भर कामात, प्रेमसिंग फिरत असताना, तिनं ही गोष्ट हातांनी सांगायला घेतली. अडचण एकच होती. युनियनला हातांच्या बोलीत शब्दच नव्हता. कसा असणार? म्हणून तिनं दोन्ही मनगटं एकमेकांवर आडवी ठेवली आणि बोटं आवळली. फुगडी! नागपंचमीला फुगडी न खेळलेली बाई वऱ्हाडात सापडायची नाही. एकीनं हात सोडला की दोघी आपटतात, हे कोणाला शिकवावं लागत नाही. मावशीकडून खूण पुढच्या यंत्रावर गेली, तिथून त्याच्या पुढच्या. फाटक, छडी, गोजराबाईचा कान (तिच्या कानात मोठी बाळी आहे, तीच तिची खूण), आणि मग फुगडी. प्रेमसिंगला दिसली असावी. त्याला वाटलं थंडी वाजते आहे. "क्या, ठंड लगती क्या?" असं काहीतरी तो म्हणाला, म्हणे. ऐकू कोणालाच आलं नाही.

कमलीबाईला बोली येत नव्हती. मावशीनं तिला जेवणाच्या सुटीत शिकवायला घेतली. आधी भाकर, मग पाणी, मग नवरा. नवऱ्याला ती लाजली, तिथून शिकणं झपाट्यानं झालं.

छडी फिरली तरी कोणी आत जायचं नाही असं ज्या दिवसाचं ठरलं होतं, त्याच्या आदल्या संध्याकाळी मावशी आमच्या वांग्यांच्या पाटीशी बसली होती. मी म्हटलं, "मावशी, कमली आत जाईल. पहिलीच जाईल. गोजराबाईची जागा तिलेच तर भेटली! सोडीन का ते?"

"नाही जाणार."

"लाव पैज."

"लाव. काय देशील?"

मी हरले तर या आठवड्याच्या बाजारापासून पुढच्या बाजारापर्यंत कोणाचाही आवाज काढायचा नाही. मी जिंकले तर तिनं मला हातांच्या बोलीतल्या शिव्या शिकवायच्या. हे मी कधीपासून मागत होते आणि ती "लगन झाल्यावर शिकवीन" म्हणून टाळत होती. आईनं ऐकलं आणि देवाला हात जोडले. मी हरावं म्हणून.

पहाटे मी वांगी घेऊन बाजारात जायच्या वाटेवर फाटकापाशी थांबले. भोंगा झाला. प्रेमसिंग पायरीवर चढला. छडी नेहमीसारखी मावशीवर. "तू."

मावशी हलली नाही.

"तू. अरे तू! वो हरे लुगडेवाली. तू." छडी फिरत राहिली आणि बाया उभ्या राहिल्या. प्रेमसिंग हसला. त्यानं छडी कमलीबाईकडे वळवली आणि आवाजात गूळ घातला. "ए नई पोट्टी, तू तो समजदार है. चल अंदर. तेरी जगह पक्की."

कमलीनं पाऊल उचललं. मला तर शिव्या दिसायला लागल्या होत्या. पण ती पायरीकडे गेली नाही. गर्दीच्या कडेला गोजराबाई उभी होती, तिच्यापाशी गेली. मनगटं आडवी करून दोन्ही हात पुढे केले. गोजराबाईनं धडका आणि तुटका, दोन्ही हात तिच्या हातांत दिले.

आत इंजीन चालू होतं, त्याचा आवाज तेवढा येत होता. कापसाच्या गाड्या एकामागे एक येऊन थांबल्या, थेट सडकेपर्यंत. त्यांत चंपतकाकाचीही होती. तो बैलांना म्हणत होता, "पाह्य रे ढवळ्या, तुही मालकीन पाह्य." ऊन चढलं. कचेरीतला माणूस दोनदा बाहेर डोकावला, तिसऱ्यांदा प्रेमसिंगला आत घेऊन गेला.

प्रेमसिंग परत आला तेव्हा छडी हातात नव्हती. "चलो, सब अंदर. छडी बंद. वो कोपरे की बंद मशीन भी खोलते, नई पोट्टी उधर बैठेगी."

"पहिले कोन?" मावशीनं विचारलं.

प्रेमसिंगनं मिशीवर हात ठेवला, काढला. घसा खाकरला. त्याच्या तोंडून हंगामात पहिल्यांदा एका बाईचं नाव निघालं. कोरड्या विहिरीचं चाक फिरावं तसं. "ग... गोजराबाई... चला."

काय आवाज होता! वर्षातला सगळ्यात चांगला. आणि दिवस बाजाराचा. बायांनी माझ्याकडेच पाहिलं. "कर ना वं पोरी, एकदा कर!" माझ्या घशापर्यंत आला होता. गोजराबाई आत गेली, तिच्यामागून कमली, सीताबाई, सगळ्या. मावशी पायरीवर थांबली, माझ्याकडे वळली आणि ओठांवर बोट ठेवलं. ही खूण मलाही कळत होती.

मी वांग्यांची पाटी उचलली आणि पुढच्या बाजारापर्यंत गप्प राहिले.