माय कुठी हाय?

माझी लेक अकरा महिन्यांची होती तेव्हा तिला शब्द एकही येत नव्हता, पण हुकूम भरपूर सोडायची. मूठ तोंडाला लावली की पाणी. बोट गरगर फिरवलं की पंखा. वाटीतला वरणभात संपला की सासूबाई दोन्ही पंजे उलटे करून दाखवत, तेही तिने उचललं होतं.

मी मेहकरहून रोज एसटीने बुलढाण्याला ऑफिसला जायचे. ती रडू नये म्हणून घरोघरी असते तीच युक्ती आमच्याकडेही होती. सासूबाई तिला मागच्या अंगणात शेजारच्या बकऱ्या दाखवायला नेत आणि मी पुढच्या दाराने सटकायचे. तिला पत्ताही लागत नाही, असं मी ऑफिसात मोठ्या हुशारीने सांगायचे.

एका रविवारी शेजारच्या काकू आल्या. मी न्हाऊन, केस पुसत लेकीच्या पाठीमागे आतल्या दारात उभी होते. सासूबाई नातीचं कौतुक दाखवत होत्या.

"पंखा कसा फिरते वं?"

बोट फिरलं.

"अन् माय कुठी हाय?"

तिने दोन्ही पंजे उलटे केले.

त्या दोघी पोट धरून हसल्या. लेकीच्या लेखी मी रोज सकाळी वरणभातासारखी संपत होते. तिला सगळं कळत होतं, कळत नव्हतं ते मलाच.

"उद्यापासून मी तिला सांगून जाणार," मी म्हटलं.

"रडन नं ते. काऊन रडवतं लेकराले?" सासूबाई म्हणाल्या. त्यांचं तरी काय चुकलं होतं, त्याही तिच्यासाठीच करत होत्या.

ती रडलीच. सोमवारी माझी ओढणी सोडेना, एकेक बोट सोडवावं लागलं. कोपऱ्यापर्यंत तिचा आवाज येत होता. एसटीत खिडकीकडे तोंड करून मीही रडून घेतलं. संध्याकाळी आल्या आल्या तिला कडेवर घेऊन सांगितलं, आई आली. असं दोनेक आठवडे रोज चाललं.

मग एका सकाळी मी वेणी घालत असताना ती रांगत दाराशी गेली आणि माझी एक चप्पल ओढत घेऊन आली. पायाशी ठेवली. रडली नाही. दुसरी आणायला परत गेली, पण ती पोटाशी घट्ट धरून उंबऱ्यातच बसून राहिली.