अर्धी अर्धी कॉफी

लग्नाआधी मुलीने नोकरी करणं आमच्या काकांना मंजूर नव्हतं, आणि वडील गेल्यापासून घर काकांच्याच शब्दावर चालायचं. बंगळूर, साठच्या दशकाची सुरुवात. मैत्रिणीकडे जाते असं सांगून मी यशवंतपूरच्या एका कारखान्यात टायपिस्टच्या मुलाखतीला गेले. साहेब खूश दिसले. नेमणूक हाती पडेपर्यंत घरी कळलं नाही म्हणजे मिळवली. नंतर मग होऊ दे काय व्हायचं ते महाभारत!

सकाळपासून पोटात काही नव्हतं. स्टेशनसमोरच्या हॉटेलात शिरले, जन्मात पहिल्यांदा एकटी. इतक्यात मागून रस्त्यावरून काकांचा आवाज आला. दुकानासाठी रेल्वेने आलेल्या कापडाच्या गाठी स्टेशनातून सोडवून आणायला एरवी ते गुमास्त्याला पाठवायचे. आजच स्वतः यायचं सुचलं होतं! पुढे पडद्याआडची फॅमिली रूम. वेटरने माझ्याकडे आणि माझ्यामागून आलेल्या तरुणाकडे बघून विचारलं, "फ्यामिलीना?"

"हौदु," मी कानडीत हो म्हणून टाकलं. वेटरने दोघांनाही आत घातलं.

तो बिचारा नवखा, कानडीचा गंध नाही. "अहो, काहीतरी घोटाळा होतोय," तो चक्क मराठीत म्हणाला. माझं धाबं दणाणलं. बंगळुरात अनोळखी मराठी कानावर पडलं, की काका पडदाच काय, भिंत ओलांडून "आपण कुठले?" विचारायला जात. मी ओठांवर बोट ठेवलं आणि बाहेर खूण करून आवाज न काढता सांगितलं, "काका."

"बाय-टू?" वेटरने विचारलं. त्या तरुणाने न समजताच मान डोलावली. एका कॉफीचे दोन अर्धे पेले आले. अशी कॉफी आमच्याकडे जवळची माणसंच घेतात. पंख्याने पडदा उडू लागला, तसा तो खुर्ची ओढून फटीकडे पाठ करून बसला. ती पाठ मला फार आवडली. आता सांगायला लाज कसली?

हात धुवायची मोरी पडद्याला लागूनच होती. काका याच हॉटेलात शिरले होते; ते तिथे येऊन चुळा भरू लागले. नेमका तेव्हाच तो पुढे वाकला आणि अगदी हलक्या आवाजात म्हणाला, "परत भेटाल?"

माझं बोट ओठांवर तसंच होतं. नोकरी डोळ्यांपुढे दिसत होती. मी हललेसुद्धा नाही. तो खाली पेल्याकडे बघू लागला.

काकांच्या चपला वाजत लांब गेल्या. तो उठला, मी कुणाला दिसणार नाही इतपतच पडदा सारून बाहेर पडला. काका गेले का बघून येईल, असं धरून मी बसून राहिले. कॉफीवर साय धरली. वेटर पेले उचलायला आला.

"यजमानरु होदरु, अम्मा," तो म्हणाला. यजमान गेले.

नोकरी लागली. काका महिनाभर बोलले नाहीत, मग बोलायला लागले. पण त्या दिवशी नुसती मान डोलावली असती तरी चाललं असतं, हे मला परतीच्या बसमध्ये बसल्यावर सुचलं.