चेऊलकरबाई आणि सोमीच्या वाट्याचा हलवा

शुलामिथ चेऊलकरबाईंच्या लेखी जगात माणसांचे दोनच प्रकार. विचारून घेणारी आणि न विचारता घेणारी. शेजाऱ्याच्या दारातला पेपर उचलून 'जरा चाळतो हं' म्हणणाऱ्यापासून थेट दरोडेखोरापर्यंत सगळ्यांना त्या दुसऱ्या बाकावर बसवतात. पनवेलच्या शाळेत चौतीस वर्षं त्यांनी नागरिकशास्त्र शिकवलं. एरवी हा विषय म्हणजे आदल्या दिवशी पाठ करायचा आणि पेपर दिल्यावर विसरायचा. बाईंच्या वर्गात मात्र कुणी शेजाऱ्याचं खोडरबर न विचारता उचललं की तास तिथेच थांबायचा. "आज तू याचं खोडरबर घेतलंस. उद्या कुणी तुझ्या बापाची जमीन घेतली, तर कुठल्या तोंडाने बोलशील?" अर्ध्या वर्गाच्या घरच्या जमिनी तोवर सरकारने नव्या शहरासाठी घेतलेल्याच असायच्या, त्यामुळे मुलं हसायची नाहीत. खोडरबर गुपचूप परत जायचं.

निवृत्तीनंतर बाई करंजाड्याच्या एका सोसायटीत चारशे दोन नंबरमध्ये राहायला आल्या आणि हे नागरिकशास्त्र त्यांनी सोबत आणलं. निवडणुकीत कमिटीने ठरवलं, की जो आवारात पेव्हर ब्लॉक टाकून देईल त्याला अख्ख्या बिल्डिंगची मतं. बाई सभेत उभ्या राहिल्या. "बिल्डिंगला मत नसतं, माणसाला असतं. माझं कुणाला द्यायचं ते मी माझ्या नवऱ्यालाही कधी सांगितलं नाही." नवरा गर्शोम भूमापन खात्यात होता, आयुष्यभर लोकांच्या बांधांवर साखळ्या ओढत फिरला. तो गेल्याला नऊ वर्षं झाली होती, त्यामुळे खरंखोटं विचारायची सोय नव्हती. बाजारातही तोच खाक्या. कोळिणीशी त्या घासाघीस करत नाहीत. "पापलेट तिचं, भाव सांगायचा हक्क तिचा. उठून जायचा हक्क माझा." आणि त्या खरोखर उठून जातात. त्यामुळे अनेक शुक्रवारी त्यांच्या घरी डाळभातच शिजतो.

अशा बाईकडे बारा वर्षं एकच कामवाली टिकावी हे सोसायटीला मोठं नवल वाटायचं. ती सोमी मुकणे. पळस्प्याच्या अलीकडे डोंगराच्या पायथ्याशी कातकरी वाडी आहे, तिथली. आधी नवऱ्याबरोबर वीटभट्टीवर होती. तिथे मजुरी जोडप्याची मिळते, विटांची मोजणी नवऱ्याच्या नावावर आणि बायको त्यातच धरलेली. ते सोडून तिने धुण्याभांड्याची कामं धरली. एकट्या या सोसायटीत तिची पाच घरं होती. बाईंचं आणि तिचं जमायचं त्याचं कारण साधं होतं. बाई तिच्या पिशवीला कधी हात लावत नसत आणि ती बाईंच्या बडबडीला.

बाई बेने इस्रायली. त्यांच्या नव्या वर्षाच्या सणाला चिकाचा हलवा लागतो. गहू तीन दिवस भिजवायचे, वाटायचे, गाळायचे, खाली बसलेला चीक नारळाच्या दुधात आणि साखरेत घालून आटवायचा. आटवायचा म्हणजे चार तास ढवळायचा, हात थांबला की तळाला लागलाच म्हणून समजा. पूर्वी घरात चार चार जावा आळीपाळीने बसायच्या. आता जावा इस्रायलात अश्दोदला, मुलगी नोगा अश्दोदला, आणि इथे बाईंचा उजवा खांदा सत्तरी ओलांडलेला. म्हणून बारा वर्षं हलवा सोमी ढवळत होती. गार झाल्यावर बाई थाळ्यात सुरी फिरवून बरोबर मधोमध रेघ मारत. अर्धा त्यांचा, अर्धा सोमीचा. नोगा एकदा फोनवर म्हणाली, "आई, अर्धा देतेस तिला? किती छान!" बाई कडाडल्या. "देते काय? गहू माझे, हात तिचे. मी कोण देणारी?"

आता घोटाळा कसा झाला ते ऐका. गेल्या पावसाळ्याआधी बी विंगमधल्या एकांचा मिक्सर नाहीसा झाला. संशय अर्थातच कामवाल्यांवर. कमिटीने नियम केला, की घरकाम करणाऱ्या बायकांच्या पिशव्या जाताना गेटवर तपासायच्या आणि आत काही आढळलं तर सहीची पावती पाहिजे. सही फ्लॅटवाल्याची, हे सगळ्यांनी गृहीतच धरलं. दोन महिन्यांनी मिक्सर दुरुस्तीच्या दुकानात सापडला. मालकाने स्वतःच टाकला होता आणि विसरला होता. मिक्सर घरी आला, नियम मात्र गेटवरच राहिला. सोमी पिशवीतून शेवळं, करटोली अशा रानभाज्या आणायची, तेव्हा आत येणाऱ्या पिशवीकडे कुणी ढुंकून बघत नसे.

सणाच्या आदल्या दुपारी सोमी तिच्या वाट्याचा हलवा बाईंच्या स्टीलच्या डब्यात घालून गेटवर आली. वॉचमन अंकुशने ओशाळत पिशवी उघडली, ओशाळत इंटरकॉम लावला आणि पावतीपुस्तक घेऊन वर आला. छापील मजकूर होता: 'मी खालील वस्तू माझ्याकडील कामगारास दिली आहे.' खाली सहीची रेघ.

बाईंनी चष्मा लावला. "यावर मी सही करणार नाही."

"बाई, नुसती सहीच तर हाय."

"अंकुश, मी दिलेलं नाही. तिचंच आहे. जे दिलं नाही ते दिलं म्हणून कशी लिहू? खोटं आहे ते." त्यांनी पेन काढून 'दिली आहे' खोडलं आणि वर 'तिची आहे' लिहिलं. अंकुशला घाम फुटला. पावतीवर खाडाखोड चालत नाही, असं सेक्रेटरी सत्यजीतने त्याला बजावलं होतं. त्याने सत्यजीतला फोन लावला. सत्यजीत कुठल्याशा कंपनीत संगणकावर नियम बसवायचं काम करतो, आणि ते घरीही करतो. त्याने फोनवरच सोमीचं गेटचं कार्ड बंद केलं. 'पावतीशिवाय वस्तू बाहेर नेण्याचा प्रयत्न.' पावती येईपर्यंत प्रवेश नाही.

म्हणजे एका घराचं काम गेलं नाही, पाचही घरांचं गेलं. करंजाड्यात कामवाली चार दिवस आली नाही, तर पाचव्या दिवशी दुसरी येते हे सोमीला चांगलं ठाऊक होतं. तिने डबा अंकुशच्या हातात ठेवला, रिकामी पिशवी खांद्याला अडकवली आणि शेअर रिक्षात बसली.

बाई पेटल्या. खरं सांगायचं, तर त्यांना बऱ्याच दिवसांत इतकं तरतरीत वाटलं नव्हतं. डबा त्यांनी वर आणून फ्रिजमध्ये ठेवला आणि त्यावर चिठ्ठी चिकटवली: 'सोमीचा. हात लावू नये.' घरात त्या एकट्याच, तेव्हा ही ताकीद कुणाला ते त्याच जाणोत. सणाला पाहुणे आले. बाईंच्या वाट्याचा हलवा पहिल्याच दिवशी संपला. दुसऱ्या दिवशी आलेल्यांना त्यांनी बिस्किटं दिली आणि फ्रिजचं दार उघडून तो डबा लांबूनच दाखवला. रविवारी कमिटीच्या सभेत त्या पाऊण तास बोलल्या. माणूस, त्याचे हात, हातांची मेहनत, मेहनतीचं फळ, आणि त्या फळावर बहुमताने पावती लावणारी कमिटी. एक-दोघांनी टाळ्याही वाजवल्या. सत्यजीत शांतपणे म्हणाला, "आंटी, सगळं पटतंय. तुम्ही फक्त सही करा, मी लगेच कार्ड चालू करतो."

"मी आंटी नाही आणि सही करणार नाही," म्हणून बाई तरातरा वर आल्या.

सोमवारी सकाळी त्या रिक्षा करून वाडीवर गेल्या. आपण कशी झुंज दिली हे सोमीला कधी एकदा सांगते असं त्यांना झालं होतं. कुडाच्या भिंतीचं घर, दार उघडंच. तरी बाई अंगणाच्या कडेला थांबल्या आणि छत्री मिटत म्हणाल्या, "सोमी, आत येऊ का?"

"या बाई." सोमी बिगारी कामावर निघायच्या तयारीत होती. दोन दिवस ती एका साइटवर रेती वाहत होती, तळहातांना फोड आले होते. नवरा बाळ्या कोपऱ्यात जाळं शिवत बसला होता. त्याने बाईंना बसायला पोतं अंथरलं आणि पुन्हा जाळ्यात डोकं घातलं.

बाईंनी सगळी हकिगत रंगवून सांगितली. सभा, टाळ्या, सत्यजीतचा पडलेला चेहरा. (तो पडला नव्हता, पण सांगण्याच्या भरात पडला.) सोमीने ऐकून घेतलं.

"बाई, हे सगला कुनासाटी केलात?"

"तुझ्यासाठी! तुझ्या हक्कासाठी."

"मंग मला इचारलात?"

बाईंना प्रश्न कळलाच नाही. "काय विचारायचं?"

"लडायचा का सई करायची, ते." सोमीचा आवाज चढला नव्हता. "हलवा तुमचा आसता, तर तुमी खुशाल वरीसभर लडा. पन तो माजा हाय ना? तुमीच सांगता. मंग त्याच्यापायी भांडायचा का नाय, ते मी ठरवनार. तुमी वरती बिस्किटा वाटलीत. माजी पाच घरा चालली."

उंटावरून शेळ्या हाकणाऱ्यांची बाईंनी जन्मभर टर उडवली होती, आणि आज चौथ्या मजल्यावरून आपण तेच केलं हे त्यांना लख्ख दिसलं. त्यांना लाज वाटली. बाळ्याकडे बघवेना इतकी. आणि त्या लाजेतच असा अभिमान दाटून आला की डोळे भरले. चौतीस वर्षांत हजारो मुलांपुढे घसा कोरडा केला, पण धडा इतक्या नेमक्या शब्दांत कुणी परत म्हणून दाखवला नव्हता.

"चुकलं माझं," त्या म्हणाल्या. "आता सांग. तुला काय हवं?"

सोमी उंबऱ्यावर बसली. तळहात चोळत म्हणाली, "पावती पायजेच तर देऊ. पन माजी मी देनार. मला लिवता येतंय थोडा, पन अक्षर वाकडा. तुमी लिवा, मी सांगते."

पिढ्यान्‌पिढ्यांना शुद्धलेखन घातलेल्या चेऊलकरबाई वही काढून पोत्यावर मांडी घालून बसल्या.

"लिवा. हलवा माजा हाय."

"'माझा आहे' लिहू?"

"मी बोलते तसाच लिवा. चार तास ढवलला. कुनी दिलेला नाय, चोरलेला नाय." सोमीने वहीत डोकावून पाहिलं. "आन आसा लिवा, की डबा बाईंचा हाय. तो मी घासून परत देनार."

बाईंचं पेन थांबलं. एवढ्या लढाईत डबा कुणाचा, हे त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं. त्यांनी निमूटपणे ते वाक्य लिहिलं. सोमीने खाली नाव काढलं, 'सोमी मुकणे', एकेक अक्षर दाबून. बाळ्या उठून मागे उभा राहिला आणि बायकोचं नाव बघत राहिला. मग बाईंनी विचारलं, "मी साक्षीदार म्हणून सही केली तर चालेल का?"

"करा," सोमी म्हणाली.

संध्याकाळी गेटवर सत्यजीतने कागद दोनदा वाचला. "यात फ्लॅट ओनरने दिल्याचं कुठेच नाहीये."

"कारण ओनर ही आहे," बाई म्हणाल्या आणि सोमीने नुसतं बघताच गप्प बसल्या.

"साहेब, पावती पायजे म्हनला व्हता," सोमी म्हणाली. "ही पावती. माजी सई हाय."

सत्यजीतने मोबाइलवर नियम काढून पाहिला. त्यात सहीची पावती असं होतं, पण सही करणाऱ्याचा कॉलम भरायला तो स्वतःच विसरला होता. शिवाय सोमीच्या पाच घरांतलं एक त्याचंही होतं, आणि तीन दिवस भांडी त्याच्याच वाट्याला आली होती. त्याची बायको दिपिका त्याच वेळी बाल्कनीतून खाली बघत होती. नियमामुळे की भांड्यांमुळे ते देव जाणे, पण सोमीचं कार्ड तिथल्या तिथे चालू झालं. सोमी वर जाऊन डबा घेऊन आली. अंकुशने कागद वाचला, घडी करून वहीत ठेवला आणि पिशवी न उघडता फाटक उघडलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सोमी कामावर आली. लख्ख घासलेला डबा तिने ओट्यावर ठेवला आणि नळ सोडला. बाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. आदल्या दिवसापासून त्यांच्या मनात काहीतरी सलत होतं, रात्रीही नीट डोळा लागला नव्हता. बारा वर्षं गहू भिजत घालताना त्या सोमीला नुसतं सांगत आल्या होत्या, 'अमक्या वारी हलवा आहे हं.' अर्धा वाटा मोजून द्यायचा, त्यात सुरीच्या रेघेएवढीही कसूर नाही. पण चार तास हात देशील का, हे त्यांनी एकदाही विचारलं नव्हतं.

"सोमी, पुढच्या वर्षी हलव्याला येशील का?"

सोमी भांडी विसळतच हसली. "येतेच की दर साली."

"तसं नाही. विचारतेय मी. यायचं का, ते तू सांग."

सोमीने नळ बंद केला. वळून बाईंकडे पाहिलं, अगदी नीट, आणि हात पदराला पुसले. उत्तर द्यायची तिला मुळीच घाई नव्हती.

"बगते," ती म्हणाली. "इचार करून सांगते."

आणि तिने पुन्हा नळ सोडला. पुढच्या वर्षीच्या हलव्याचा आता काहीच भरवसा उरला नव्हता. बाई मात्र तिथेच उभ्या राहिल्या, पदराने डोळे पुसत, आणि बघणाऱ्याला वाटावं की या बाईला आत्ताच कुणीतरी काहीतरी फार मोठं दिलं आहे.